विशेष गरजांचे मूल : श्रीवर्धन परिसरातील पालकांनी कुठे जायचे, काय मागायचे

मूल वर्षाचे झाले तरी मान धरत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, मधूनच झटके येतात. अशा मुलाला एका डॉक्टरचे औषध पुरत नाही. झटक्यांसाठी बालरोगतज्ज्ञ, हातापायांसाठी फिजिओथेरपिस्ट, कानांसाठी श्रवणतज्ज्ञ, पुढे विशेष शिक्षक आणि मदतीसाठी तहसील कचेरी, सगळेच लागतात. श्रीवर्धन, बोर्ली पंचतन, दिघी, म्हसळा या पट्ट्यात ही माणसे एका छपराखाली भेटत नाहीत. अब्बा आखातात किंवा मुंबईत असले की त्यांना जोडायचे काम एकट्या अम्मीवर पडते.

सुरुवात मात्र गावातच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाला. त्याचे फिरते पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतील मुलांना एकदा तपासते. यात उर्दू शाळाही आल्या. जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, बालपणीचे रोग आणि वाढीतला उशीर अशा चार गटांत ही तपासणी होते. पुढचे उपचारही मोफत असतात. मूल अंगणवाडीत जात नसेल तर आशाताईंना सांगून त्या दिवशी न्यायचे. पाहुण्यांसमोर नको म्हणून अशा मुलाला आतल्या खोलीत ठेवणारी घरे अजून आहेत. पथक नेमके त्याच मुलासाठी आलेले असते.

पथकाने चिठ्ठी दिली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठायचे. हे केंद्र जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले असते आणि रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ता यांनी एकाच मुलाकडे मिळून बघावे, यासाठीच ही रचना केली आहे. दिघी-आगरदांडा जंगल जेटीने गेले तरी श्रीवर्धनहून दिवस मोडतोच. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारा की कोणत्या वारी कोण बसते, आणि सगळ्या तपासण्या एका दिवशी होतील का. घरी करायचे व्यायाम लिहून घ्या, शक्य असेल तर मोबाईलवर चित्रित करून आणा. आठवड्याला अलिबाग कोणालाच जमणार नाही. रोजचा व्यायाम घरच्याच हातांनी होणार आहे.

तिथे दोन गोष्टी न लपवता सांगायच्या. पहिली घरची बोली. घरात कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी असे आपल्याकडे असतेच. “दोन-तीन भाषांमुळे मूल बोलत नाही” हा समज चुकीचा आहे, पण तपासणी मुलाला कळणाऱ्या भाषेतच व्हायला हवी. दुसरी, आई-वडील नात्यातले आहेत का. चुलत-मावस भावंडांच्या लग्नात काही अनुवंशिक आजारांचा धोका थोडा वाढतो, तरी बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. डॉक्टर दोष देण्यासाठी विचारत नाहीत, त्यावरून कोणती तपासणी करायची ते ठरते.

ऐकू न येण्याच्या बाबतीत मात्र थांबू नका. दुआ चालू ठेवा, तावीज घालायचा तर घाला, पण तारीख घेऊन ठेवा. जन्मापासून बहिऱ्या मुलाला केंद्राच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. त्यासाठी वय पाच वर्षांच्या आत असावे लागते. “मामा पण उशिरा बोलला होता” असे म्हणत चार वर्षे गेली तर हातात फार थोडे महिने उरतात. या योजनेचे काम वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. हे अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. हातपाय आणि स्नायूंच्या त्रासासाठी हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. दोन्हीकडे जायला माणगावहून रेल्वे मिळते.

शाळा नाही म्हणू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून काम करतात. मूल शाळेत जाऊच शकत नसेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी मुख्याध्यापकांकडे नाव नोंदवावे लागते. थेरपिस्टचा कागद शिक्षकांना दाखवा. वर्गात मुलाला कसे बसवायचे, पेन्सिल कशी धरायला द्यायची, हे त्यांना दुसरे कोण सांगणार?

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढा. लहान मुलांचा दाखला बरेचदा तात्पुरता असतो, त्यावरची मुदत बघून ठेवा. त्याच कागदावर एस.टी.ची सवलत आणि तहसीलमधून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज होतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उठून तेवढे विचारायला हरकत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय विमा वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च देतो आणि त्यात थेरपीही येते. याच मुलांसाठी १८ वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करावा लागतो.

सगळ्या कागदांची एकच फाईल ठेवा, प्रत्येक डॉक्टरकडे तीच न्या आणि पुढच्यासाठी दोन ओळी लिहून मागा. फाईलचे फोटो अब्बांच्या मोबाईलवरही पाठवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या किनाऱ्यावर पत्रे उडाले, घरांत पाणी शिरले, आणि भिजलेले कागद पुन्हा मिळवायला किती खेटे पडतात ते इथे कोणाला सांगायला नको.