मातृसेवा संघ : समस्या आणि संस्था

सामाजिक समस्या व समाजकल्याण संस्था यांचा अभ्यास आपण बहुधा दोन निराळ्या प्रकरणांत करतो. नागपूरच्या मातृसेवा संघाचा इतिहास ही विभागणी जुमानीत नाही. कमलाताई होस्पेट (जन्म १८९६) या स्वतः बालविधवा. म्हणजे तत्कालीन सुधारकांच्या परिभाषेत त्या 'प्रश्ना'चाच भाग होत्या. येथील डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी वेणूताई नेने यांच्यासह १९२१ साली संघ स्थापिला.

पुण्यास कर्व्यांचा आश्रम १८९६ पासून होता. तेथील सेवासदनाने (१९०९) परिचारिकांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले होते. तेव्हा नागपूरचे वैशिष्ट्य अन्यत्र शोधावे लागते. बाळंतपण म्हणजे विटाळ, ते काम सुइणीचे. आणि विधवेचे दर्शन शुभप्रसंगी वर्ज्य. उच्चवर्णीय घरांतील या दोन्ही समजुतींना एकाच कृतीने छेद गेला, कारण नवजात अर्भक प्रथम विधवेच्याच हाती आले. केवळ व्याख्यानांनी हे साधले असते, असे मला वाटत नाही.

१९५८ मध्ये संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. एवढ्यावर हा इतिहास संपवू नये. प्रशिक्षित परिचारिका घरात आली तेव्हा त्या जुन्या सुइणीचे काय झाले? तिची जात, तिची उपजीविका, तिचे हातचे ज्ञान यांचाही शोध संघाच्या अभ्यासकाने घेतला पाहिजे.