पाडायचं कुठल्या बाजूला? साताऱ्याचा तट आणि रॉकेटचे मनोरे

रॉकेट उडताना आपण सगळे बघतो. ज्या मनोऱ्याच्या आधारानं ते उभं होतं, त्याचं पुढं काय झालं हे सहसा कोणी विचारत नाही. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हेरलच्या १७ क्रमांकाच्या तळावरून १९५७ पासून तीनशेहून अधिक उड्डाणं झाली. शेवटचं २०११ मध्ये. १२ जुलै २०१८ रोजी तिथले दोन्ही मनोरे सुरुंगानं पाडले. पडायला काही सेकंद लागले. असं काम वाटतं तेवढं सोपं नसतं, आणि ते का नसतं हे समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. अजिंक्यताऱ्यावर गेलं तरी पुरे.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबानं साताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. तोफांनी काम होईना, म्हणून मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. १३ एप्रिल १७०० रोजी त्यांना बत्ती दिली. पहिल्या सुरुंगानं गडावरची माणसं गाडली गेली. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा मात्र तट बाहेरच्या अंगाला कोसळला. खाली हल्ल्यासाठी सज्ज होऊन मोगल फौज उभी होती, तिच्यावरच. सुमारे दोन हजार माणसं मेली असं सांगतात.

असं का व्हावं? काळी दारू तोडत नाही, ती ढकलते. तिचा वायू जिकडं अडथळा कमी तिकडं धावतो. कड्यावरच्या तटाला आतून डोंगराची पाठ असते, बाहेर नुसती उतरण. म्हणजे तट बाहेर जाण्याची शक्यता कायमच होती. पण आमच्या मते खरी चूक दारूची नव्हती, माणसं कुठं उभी केली याची होती. दुसरा बार व्हायचा बाकी असताना फौज तटाच्या सावलीत होती.

आणि गंमत बघा. एवढं करून किल्ला सुरुंगानं पडलाच नाही. राजाराम महाराजांच्या निधनाची बातमी आली, बोलणी झाली आणि २१ एप्रिलला गड मोगलांच्या हवाली झाला.

आता कोणी म्हणेल, तो वेढा होता, ते काही निवृत्त तळ मोडणं नव्हे. बरोबर आहे. मुद्दाम मोडलेला किल्ला बघायचा तर सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर जावं. हाच भूपाळगड. १६७९ मध्ये दिलेरखानानं तो घेतला, आणि पुन्हा शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून तट पाडला. आज लोक तिथं जातात ते बहिर्जी नाईकांच्या समाधीसाठी.

किल्ल्यांना रॉकेटचे तळ म्हणणं थोडं ताणल्यासारखं होईल, पण अगदीच चूक नाही. लोखंडी नळीत दारू भरून बांबूला बांधलेले बाण आपल्याकडं गडागडांवर साठवलेले असत. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १७१५ च्या सुमाराला, त्याची शिस्त सांगितली आहे. दारूखाना वस्तीपासून लांब असावा. ठरावीक दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावं, पुन्हा मोहोर करून ठेवावेत. परवानगीशिवाय आसपास कोणी फिरकू नये. कोठारात काय आहे हे माहीत असलेला एक जबाबदार माणूस असायलाच हवा, हा त्यातला गाभा.

तळ मोडताना आजही सुरुवात इथूनच होते. बंद पडलेला तळ रिकामा असतोच असं नाही. नळ्यांत, टाक्यांत इंधनाचा अंश राहतो, आणि हायड्रॅझिनसारखं इंधन विषारी असतं. आधी ते धुऊन काढायचं. मग जुन्या रंगातलं शिसं, ॲस्बेस्टॉस. त्यानंतर पोलादाकडं वळायचं. इथं वापरतात ती स्फोटकं ढकलणारी नव्हेत, सुरीसारखी कापणारी. ज्या बाजूला मनोरा पाडायचा, त्या बाजूचे पाय आधी कापले जातात आणि मनोरा आपल्याच वजनानं तिकडं कलतो. माणसं तेवढ्या वेळात दूर असतात, आणि सगळे बार झाले याची खात्री होईपर्यंत जवळ जात नाहीत. १७०० सालचा तो दुसरा सुरुंग आठवा.

१२ जून २०२५ रोजी केपच्याच ३७ क्रमांकाच्या तळावरचे, डेल्टा ४ चे मनोरे असेच पाडले. पण शेजारीच केनेडी अवकाश केंद्रात, ३९-बी तळावर, २०१०-११ मध्ये शटलचा मनोरा मोडताना सुरुंग वापरला नाही. तो तळ पुढच्या रॉकेटसाठी हवा होता, आजूबाजूचे वीजरोधक मनोरे जपायचे होते. त्यामुळं क्रेन लावून, तुकडा तुकडा कापून, वरून खाली उतरवत नेला.