बेणं : एका सौम्य शिवीचा इतिहास

१९१४ च्या एप्रिलात लंडनच्या रंगभूमीवर शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली फुलवाली भर दिवाणखान्यात ‘ब्लडी’ म्हणाली आणि वर्तमानपत्रांत गहजब झाला. (हेच नाटक पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं.) शब्द रक्ताचा, पण बोलताना रक्त कुणाला आठवत नाही. तो रागाला चालतो, कौतुकाला चालतो, नुसता जोर द्यायलाही चालतो. तसला शब्द करकंबात शोधायचा तर उसाच्या फडात जावं. तो शब्द ‘बेणं’.

आपण ज्वारीचं बी म्हणतो आणि उसाचं बेणं म्हणतो. बी पराग आणि बीजांडाच्या मिलनातून येतं, त्यामुळे ते थोडं वेगळं निघू शकतं. बेणं म्हणजे त्याच उसाचं तोडलेलं कांडं. डोळा फुटला की तोच ऊस पुन्हा. म्हणजे पोराला ‘बेणं’ म्हणताना आपण नकळत म्हणतो, की याचा बापच पुन्हा उगवलाय.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेची पहिली अट सांगितली ती मुख्यार्थ अडण्याची. माणूस काही कांडं नव्हे, तेव्हा इथे अर्थ अडला. पण पुढे तो किती वाटांनी जातो बघा! ‘लई पोचलेलं बेणं हाय’ म्हणजे लबाड. ‘जुनं बेणं’ म्हणजे मुरलेला, आणि यात आदरसुद्धा आहे. ‘कुठं मेलं हे बेणं?’ असं आई दिवेलागणीला म्हणते, तेव्हा तिला काळजी असते. ‘काय बेण्या, हाईस कुठं?’ ही तर दोस्ती. विटगेनस्टाइन म्हणाला, शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात बघा. पारावर बसणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक. बेणं नपुंसकलिंगी आहे. ‘तो आला’ऐवजी ‘ते बेणं आलं’ म्हटलं, की चाळीस वर्षांचा बाप्या एकदम पोरगं, कार्टं यांच्या रांगेत जातो. घरात याची गंमत वाटते.

पण मालकाने बांधावर उभं राहून ऊसतोड मजुराच्या मुलाला विचारलं, ‘कुणाचं बेणं रे तू?’, तर? शब्द तोच, हसूही तेच असेल. पण तिथे बाप विचारला जातो, आणि बापाच्या आडून जात. त्या मुलाला मालकाला ‘आन् तुमी कुणाचं?’ असं विचारता येत नाही. दोस्ताला येतं. माझ्या मते शिवी सौम्य की जहरी हे इथे ठरतं, कोशात नाही. आपण ‘अहो, बोलीतला गोड शब्द आहे’ म्हणून सोडून देतो, ते मला पटत नाही.

आणि ज्या उसावरून ही कुळाची भाषा आली, त्याचं कूळ तरी काय? को ७४०, को ८६०३२ या नावांतला ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथे १९१२ पासून ऊस पैदास केंद्र आहे. नवं वाण काढायचं तर तिथेही बेणं चालत नाही, तुरा आणून बी धरावं लागतं. तिथल्या सुरुवातीच्या को २०५ या वाणासाठी जाड, गोड उसाचा संकर केला तो काश नावाच्या रानगवताशी. पुढच्या कितीतरी वाणांच्या वंशावळीत हे गवत आलेलं आहे.