वरचे पैसे

साडेतीन मुहूर्तांत दिवाळीच्या पाडव्याचा वाटा अर्धाच. परंतु त्या दिवशी आमच्या जालन्यात फटफट्यांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते, ती पाहून त्याला अर्धा म्हणण्यास कोणी धजणार नाही. सोयाबीन मोंढ्यात गेलेले असते, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, आणि हाती आलेल्या पैशातून थोरल्याला गाडी घेऊन देण्याचा बेत घरात कितीतरी दिवस शिजत असतो. झेंडूची माळ, नारळ, पेढे, नव्या गाडीला ओवाळणारी आजी! या आनंदात गाडीच्या किमतीवर जे पैसे जातात त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. या वरच्या पैशांना इतिहास आहे, आणि तो मोठा मौजेचा आहे.

आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. पण एके काळी गाडी घ्यायला पैशांपेक्षा आयुष्य अधिक लागे. १९५९ साली बजाज यांना परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्जिओ कंपनीशी करार होऊन व्हेस्पा स्कूटर आपल्याकडे तयार होऊ लागली. १९६० साली सरकारने स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. गाड्या किती काढायच्या ते परवान्यावर लिहिलेले, घेणारे मात्र वाढत चाललेले. मग रांग लागली. करार संपल्यावर, १९७२ साली, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली, तेव्हा तर ही रांग दहा-दहा वर्षांवर गेली. मुलगा शाळेत असताना नाव नोंदवावे आणि गाडी त्याच्या लग्नात यावी, असा हिशेब! परदेशातला नातलग डॉलर पाठवी त्याला मात्र रांग नसे.

या टंचाईत वरच्या पैशांना 'प्रीमियम' असे भारदस्त नाव होते. गंमत अशी की हे पैसे पुष्कळदा दुकानदाराला नव्हे, तर ज्याचे नाव यादीत वर आले त्याला मिळत. नंबर लागला की गाडी घ्यायची आणि दुसऱ्याला चढ्या भावाने द्यायची. नव्या गाडीपेक्षा वापरलेली महाग, हा चमत्कार आपल्या लोकांनी याच काळात पाहिला. सगळा व्यवहार तोंडी. कागदावर अक्षर नाही.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. चारच वर्षांनी, १९८५ साली, वाळूजला बजाजचा मोठा कारखाना उभा राहिला. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग उद्घाटनाला आले. जालन्याहून दोन तासांच्या वाटेवर गाड्या तयार होऊ लागल्या! त्याच वर्षी हिरो होंडाची मोटारसायकल बाजारात आली. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य ओसरले आणि यथावकाश रांग उलटी झाली: गिऱ्हाईक दारात उभे नाही, दुकानदारच फोन करतो आहे.

टंचाई गेली की वरचे पैसेही जावेत, असे कोणालाही वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, अर्थशास्त्राशी माझा परिचय बेताचा. परंतु गेल्या वर्षी एक जुना विद्यार्थी "गुरुजी, तुम्ही चला संगं" म्हणून मला एका दुकानात घेऊन गेला, तेव्हा ते पैसे मला पुन्हा भेटले. आता ते तोंडी नव्हते. छापील कागदावर, ज्याला तिथे कोटेशन म्हणतात, ते उजळ माथ्याने बसले होते. गाडीची किंमत, विमा, नोंदणी, एकरकमी कर, इथवर ठीक. त्याखाली 'हँडलिंग', 'फाईल चार्ज', 'अ‍ॅक्सेसरीज'. मी टेबलामागच्या मुलाला विचारले, "बाळ, हँडलिंग म्हणजे रे काय?"

तो हसून म्हणाला, "सर, हमाली समजा."

हमाली! जालन्याच्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. मोंढ्यात माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, तिच्यावर हा शब्द पिढ्यान् पिढ्या आहे. पूर्वी अशा पट्ट्यांवर अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला कडता असे, वानगीचा माल असे, धर्मादाय असे, गोशाळेचे असे. धर्म व्यापाऱ्याने करायचा आणि पैसा कुणब्याचा! या कपातींना आवर घालण्यासाठी शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ च्या शेती कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आमच्याकडे निजामाचे राज्य. तिथेही १९३० साली कृषी बाजारांचा कायदा आला, आणि पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा. या साऱ्या खटाटोपाचे सार एवढेच की पट्टीवरील प्रत्येक कपातीला नियमाचा आधार हवा. हे वाक्य लिहायला सोपे. अमलात यायला कित्येक हंगाम गेले.

फटफटीच्या कागदालाही तोच न्याय लावून पाहावा. नोंदणीशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नये, हा १९८९ च्या मोटार वाहन नियमांतला दंडक. २०१९ च्या दुरुस्तीने तर त्याच राज्यातल्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करण्याचे काम कायद्यानेच विक्रेत्यावर टाकले. मग फाईलीचे निराळे पैसे कशाचे? दुचाकीसोबत प्रमाणित हेल्मेट उत्पादकाने पुरवावे, असेही नियमात आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा आवश्यक झाला. पण तो अमुकच दुकानातून घ्यावा असे कुठे लिहिलेले नाही. आणि हँडलिंग? आर.टी.ओ.कडे भरायच्या रकमेत हा शब्दच नाही. निरनिराळ्या राज्यांच्या परिवहन खात्यांनी असा आकार घेऊ नये म्हणून विक्रेत्यांना वेळोवेळी बजावलेले आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. घरोघरी आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु कर उतरतो तो कागदाच्या वरच्या ओळींत. खालच्या ओळी वाचणाऱ्यालाच उतरवाव्या लागतात.

माझ्या विद्यार्थ्याने त्या दिवशी कापसाच्या पट्टीवर बोट ठेवावे तसे एकेका आकड्यावर बोट ठेवले. "हे कशाचं? याची पावती मिळंल का?" पावती म्हणताच मुलगा आत गेला. आत बरीच कुजबूज झाली. मग मालक स्वतः बाहेर आले, आम्हाला चहा सांगितला, आणि हँडलिंगवर आणि फाईलवर आपल्या हाताने काट मारली. अ‍ॅक्सेसरीज मात्र राहिल्या. त्या गाडीला आधीच बसवून झाल्या होत्या.