मुक्तस्रोत मार्गक आज्ञावली
मुक्तस्रोत मार्गक आज्ञावली : सर्वसाधारण संगणकाकडून मार्गकाचे म्हणजे राउटरचे काम करवून घेणारी आणि जिची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची सर्वांस मुभा असते अशी आज्ञावली. जाळ्यांच्या सांध्यावर आलेले माहितीचे प्रत्येक पुडके पुढे कोणत्या वाटेने धाडावयाचे, हे राउटर ठरवितो.

या कामास खास यंत्र लागतेच असे नाही. १९६९ मध्ये आर्पानेटचे पहिले सांधे हनीवेल कंपनीच्या लघुसंगणकांवर उभारण्यात आले. १९८६ मध्ये अमेरिकेतील एनएसएफनेटच्या आरंभीच्या जाळ्यात पीडीपी-११ वर्गाचे संगणक डेव्हिड मिल्स यांच्या ‘फझबॉल’ आज्ञावलीवर चालत. १९८४ मध्ये सिस्को कंपनी स्थापन झाली. पुढे खास बनावटीच्या राउटरांचा प्रसार झाला आणि मार्ग ठरविण्याची विद्या बव्हंशी उत्पादकांच्या हाती गेली. कॉर्नेल विद्यापीठात उगम पावलेली ‘गेटडी’ ही आज्ञावली बराच काळ मुक्तपणे मिळे; परंतु तिच्या नंतरच्या आवृत्त्यांवर परवान्याची बंधने आली.

जपानमधील कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये ‘झेब्रा’ या आज्ञावलीस आरंभ केला. तीत प्रत्येक मार्गनिर्णय-संकेतासाठी स्वतंत्र कार्यक्रम असे; त्यांनी सुचविलेल्या मार्गांतून निवड करून ती संगणकाच्या गाभ्यास कळविण्याचे काम एक मध्यवर्ती कार्यक्रम करी. त्यामुळे एक भाग बिघडला तरी बाकीचे सहसा चालू राहत आणि एकेक भाग निराळा सुधारता येई. झेब्राचे काम मंदावल्यावर तिच्या संहितेतून २००३ च्या सुमारास ‘क्वाग्गा’ निघाली. १८८३ मध्ये नामशेष झालेल्या, झेब्र्याच्या एका उपजातीचे नाव तिला देण्यात आले. क्वाग्गाची प्रगतीही रेंगाळू लागली, तेव्हा २०१७ मध्ये तिच्यातून ‘एफआरराउटिंग’ पुढे आली. व्हियाटा कंपनी २०१२ मध्ये ब्रोकेडने विकत घेतली व तिची मुक्त आवृत्ती खुंटली. तीतूनच २०१३ मध्ये ‘व्हायओएस’ उदयास आली. कर्ता वा कंपनी दूर झाली तरी संहिता इतरांस पुढे नेता आली, ती परवान्यातील मुभेमुळेच.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आरंभिलेली ‘बर्ड’ ही आज्ञावली अनेक इंटरनेट विनिमय केंद्रांत मार्गांची माहिती सदस्य-जाळ्यांस पुरविते.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. पुडकी पुढे ढकलण्याचा भार संगणकाच्या सामान्य प्रक्रियकावर पडतो. त्यामुळे अतिवेगवान जोडण्यांवर खास चकत्यांचे राउटर सरस ठरतात. तथापि लहान संस्था, विद्यापीठे व संशोधक यांना अल्प खर्चात जाळे उभारता येणे आणि त्याचे अंतरंग पारखता येणे, हे या आज्ञावलींचे महत्त्वाचे कार्य होय.