धुरापलीकडची दृष्टी



यंत्राचा इतिहास सांगताना लोक बहुधा शोधकापासून आरंभ करतात आणि कारखानदारापाशी थांबतात. आमचे आयुष्य कामगारांत गेले असल्यामुळे आम्हांला निराळाच प्रश्न सुचतो. ज्याच्या जिवासाठी यंत्र घडवले असे सांगतात, त्याच्यापर्यंत त्याचा उपयोग केव्हा पोचला? विमानातून वणव्याचा नकाशा काढणाऱ्या यंत्राला आज आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत.

ही हकीकत मुख्यतः अमेरिकेची आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी माँटाना राज्यात, मिसुरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत वणवा विझवण्यासाठी पंधरा जण हवाई छत्रीने उतरले. जमिनीवरचा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. त्यांच्या बिनतारी यंत्राची छत्री उघडली नाही आणि ते यंत्र फुटून गेले. नदीकडे जावे म्हणून ते उतरू लागले, तो आग घळीच्या तोंडाशी त्यांच्या आधीच येऊन बसलेली. मधल्या डोंगरसोंडेमुळे ती त्यांना वेळेवर दिसली नाही. आग चढणीला धावते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. माणूस मात्र चढणीला मंदावतो. सोळांपैकी तेरा जण प्राणांस मुकले.

डोंगराआडची, धुराआडची आग दिसावी कशी? याचे बीज फार जुन्या शोधात होते. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तेथे, उष्णतामापक ठेवला. तेथे उष्णता अधिकच भरली. हेच अवरक्त किरण. तापलेला प्रत्येक पदार्थ ते बाहेर टाकतो. त्यांची लहर धुराच्या बारीक कणांहून लांब असल्याने ते धुरातून बरेचसे पार होतात. ढगांपुढे मात्र त्यांचे काही चालत नाही.

लष्कराने या किरणांचा उपयोग रात्रीच्या टेहळणीसाठी केला. १९६२ साली अमेरिकेच्या वनखात्याने मिसूला येथील आपल्या प्रयोगशाळेत तीच विद्या वणव्याच्या कामाला जुंपली. योजनेचे नाव फायर स्कॅन. विमानाच्या पोटाशी एक आरसा फिरतो, खालची जमीन आडव्या पट्ट्यापट्ट्यांनी न्याहाळतो आणि तिची उष्णता अतिशय थंड ठेवलेल्या शोधकावर पाडतो. पट्ट्या जुळल्या की चित्र तयार होते. झाडीखाली पेटत्या कोळशाची भांडी ठेवून ती आकाशातून सापडतात की नाही, याचीही परीक्षा झाली.

डोंगरांनी या यंत्रालाही सतावले. विमान एका पातळीत उडते, पण खालचे शिखर जवळ येते आणि दरी दूर जाते. त्यामुळे चित्र ताणले जाते, आकसते. दिवसा उन्हाने तापलेला खडक आगीसारखा भासतो. म्हणून उड्डाण रात्री करावे, चित्रातले ओढे नि डोंगरधारा ओळखाव्यात आणि जाणकाराने आगीची रेघ उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर हाताने उतरवावी, अशी रीत पडली. पुढे उपग्रहांमुळे विमानाचे ठिकाण अचूक कळू लागले व जमिनीच्या उंचीचे आकडे संगणकात आले, तेव्हा हे काम पुष्कळ सोपे झाले. रात्रीचा नकाशा पहाटे छावणीत हजर होऊ लागला, आणि सकाळी माणसे कोठे धाडायची हे त्यावरून ठरू लागले.

परंतु सकाळचा नकाशा दुपारच्या वाऱ्याला बांधलेला नसतो. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल गावाजवळ वादळाबरोबर वारा फिरला, आणि ग्रॅनाइट माउंटन तुकडीच्या विसांपैकी एकोणीस जणांना आगीने गाठले. त्या वेळी आग रोखणारे द्रव्य भरलेले मोठे विमान आकाशात तयार होते. पण तुकडी नेमकी कोठे आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. आगीचे ठिकाण टिपणारी विद्या अर्धशतक जुनी झाली होती. आगीपुढच्या माणसाचे ठिकाण टिपण्याची तजवीज तेथे नव्हती.

ही तजवीज व्हावी असे कायद्याने सांगायला १२ मार्च २०१९ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी मंजूर झालेल्या डिंगेल कायद्याने शेती व सार्वजनिक जमिनी पाहणाऱ्या दोन्ही केंद्रीय खात्यांवर दोन गोष्टी सोपवल्या : बिनवैमानिक विमानांनी आगीची सीमा चालू घटकेला दाखवावी, आणि विझवणाऱ्यांची ठिकाणे दुरून कळावीत अशी व्यवस्था उभारावी. मॅन गल्चपासून मोजले तर मधे सत्तर वर्षे गेली.

शास्त्रज्ञांचे श्रेय आम्ही कमी करीत नाही. त्यांनी अंधारात नि धुरात पाहणारा डोळा दिला. पण त्या डोळ्याने पाहिलेले कोणाला सांगायचे, हे शास्त्र ठरवत नाही. खाते ठरवते, अंदाजपत्रक ठरवते, आणि कामगार संघटित असतील तर तेही ठरवतात. शिरस्त्राण व पाण्याची पिशवी जशी हक्काने मागायची, तशीच आग आता कोठे आहे ही खबरही हक्काने मागायची गोष्ट आहे. उतारावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती ती वेळेवर पडते की नाही, यावरच या यंत्राची किंमत ठरवावी, एवढेच आमचे सांगणे.