उपासना आणि राजनिष्ठा

बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश हें गांव तेथील भालचंद्र गणपतीमुळें प्रसिद्ध आहे. गणेशाच्या एकवीस क्षेत्रांत त्याची गणना करतात. क्षेत्राची कथा अशी सांगतात कीं, गणेशाच्या रूपास चंद्र हसला, शापामुळें निस्तेज झाला, पश्चात्तापानें त्यानें तप केलें, आणि प्रसन्न झालेल्या गणेशानें त्याला आपल्या कपाळावर धारण केलें. ज्यानें उपहास केला त्यालाच मस्तकीं स्थान देणारा असा हा देव. त्या गांवावर राज्य मात्र १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचें होतें. सकाळीं भालचंद्रापुढें हात जोडणारा शेतकरी सारा भरीत असे तो आसफजाही खजिन्यांत. त्याच्या कज्जाचा निकाल लागे तो उर्दू भाषेंत. आणि शेजारच्या ब्रिटिश मुलखांतील राष्ट्रीय चळवळीची वार्ताही त्याच्या कानीं येत असे. देव एक, राजा दुसरा आणि देश तिसरा. या तिघांपैकीं कोणाला काय द्यावयाचें, हा प्रश्न मराठवाड्याला ग्रंथांतून नव्हे, तर रोजच्या जगण्यांतून सोडवावा लागला.

‘प्रत्येक मनुष्य कशाची ना कशाची पूजा करीतच असतो,’ असें पुष्कळदां म्हटलें जातें. देव न मानणाराही सत्याला, विज्ञानाला, धनाला अथवा सत्तेला भजतो, असा त्याचा आशय. यांत तथ्य आहे. ज्याच्यासाठीं मनुष्य झीज सोसतो, ज्याचा अवमान त्याला सहन होत नाहीं आणि ज्याच्यापुढें तो इतर सर्व गोष्टी गौण मानतो, तें त्याचें दैवतच होय. परंतु येथूनच एक निसरडी वाट सुरू होते. सगळेच जर कशाची तरी पूजा करतात, तर सगळ्यांनीं राष्ट्राचीच पूजा कां करूं नये? आणि जो ती करीत नाहीं त्याला राष्ट्राचा वैरी कां समजूं नये? हैदराबाद संस्थानाच्या शेवटच्या दहा वर्षांचा इतिहास या प्रश्नांना उत्तर देतो, आणि तें उत्तर कोणत्याही एका पक्षाला सर्वस्वीं सुखावह नाहीं.

बीड जिल्ह्याची भूमि नाना उपासनांची आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि आहे. त्यांचे वीरशैव अनुयायी आपलें इष्टलिंग अंगावरच धारण करतात. खुद्द बीड शहरांत कंकालेश्वर आहे, खंडोबा आहे आणि शहिनशाहवलीचा दर्गाही आहे. अंबाजोगाईस योगेश्वरी आहे, आणि तेथेंच सोळाव्या शतकांत होऊन गेलेल्या दासोपंतांची समाधि आहे. दासोपंतांच्या बालपणाची एक आख्यायिका या विषयाच्या दृष्टीनें मोठी मार्मिक आहे. वडिलांकडून सरकारचा सारा थकला, तेव्हां बेदरच्या बादशहानें मुलाला ओलीस ठेवून घेतलें, आणि मुदतींत रक्कम न आल्यास त्याला मुसलमान करण्याची धमकी दिली. अखेरच्या दिवशीं श्रीदत्तानें पाडेवाराच्या वेषांत येऊन सगळी रक्कम भरली व मुलगा सुटला. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. परंतु लोकांना काय न्याय्य वाटत होतें याची ती साक्ष आहे. या कथेंतील देव सारा बुडवीत नाहीं. राजाचें देणें तो पै न् पै चुकवितो. मात्र धर्म ही वस्तु सार्‍याच्या मोबदल्यांत तारण म्हणून घेतां येत नाहीं, एवढें ती कथा बजावून सांगते.

आतां राज्यकर्त्याकडे पाहूं गेल्यास तोही निष्ठेच्या बंधनांतून मुक्त नव्हता. आसफजाही घराणें मूळचें मोगलांचें सुभेदार. १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचें नांव असे. पुढें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सातव्या निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ हा किताब मिळाला. ज्याच्यापुढें लक्षावधि प्रजा मान लववीत होती, त्याचेंही दैवत लंडनला होतें. धर्माच्या बाबतींत हा राजा केवळ असहिष्णु होता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मशिदींप्रमाणें देवळांनाही सरकारी नेमणुका चालू होत्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या अतिथिगृहासाठीं त्यानें देणगी दिली. परंतु नवें देऊळ बांधावयाचें तर परवानगी, मिरवणूक काढावयाची तर परवानगी. आणि १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ नंतर साधी जाहीर सभा भरविण्यासही परवानगी! प्रजेच्या उपासनेला राज्यांत जागा होती. पण ती हक्काची नव्हे, मेहेरबानीची.

पुढें हें दुखणें विकोपास गेलें. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेनें ‘अनल मलिक’ म्हणजे ‘मीच सत्ताधीश’ असें सूत्र मांडलें. निजाम हा मुसलमान समाजाच्या सत्तेचें केवळ प्रतीक आहे, आणि त्या समाजांतील प्रत्येक व्यक्ति सत्तेची वांटेकरी आहे, असा त्याचा अर्थ. राज्याची निष्ठा एका उपासनेच्या पदराला बांधली गेली ती येथें. शेंकडा ऐशींहून अधिक प्रजा ज्या राज्यांत हिंदु होती, तेथें या सूत्रानें बहुसंख्य लोक आपल्याच घरांत परके ठरले.

१९३८ चें वर्ष या दृष्टीनें निर्णायक होय. त्या वर्षीं स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह सुरू झाला. हवन व मंदिर यांच्या स्वातंत्र्यासाठीं आर्यसमाजानें आपला स्वतंत्र लढा उभारला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांत व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हटलें, आणि अधिकार्‍यांनीं त्याला मनाई केली. विद्यार्थी हटले नाहींत. त्यांच्यांतील शेंकडों जणांना विद्यालयांतून काढून टाकण्यांत आलें. नागपूर विद्यापीठानें आपले दरवाजे त्यांना उघडले, आणि हीं मुलें घरदार सोडून वर्‍हाड-नागपूरकडे शिकावयास गेलीं. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच चळवळींतून गेलेले होते.

या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बंकिमचंद्रांचें हें गीत ‘आनंदमठ’ या कादंबरींत १८८२ सालीं ग्रंथरूपानें आलें. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्यें रवींद्रनाथांनीं तें गायिलें. त्याच्या पुढील कडव्यांत मातृभूमि दुर्गेच्या रूपानें प्रकट होते. ईश्वरावांचून अन्य कोणापुढेंही नमन न करणें हा ज्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे, त्यांना तेथें अडचण वाटली तर ती सोंग म्हणून झिडकारतां येत नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें काँग्रेस कार्यकारिणीनें रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन सभांतून पहिलीं दोनच कडवीं म्हणावीं असें ठरविलें. २४ जानेवारी १९५० रोजीं घटनासमितींत डॉ. राजेंद्रप्रसादांनीं ‘जन गण मन’ बरोबर या गीतालाही समान मानाचें स्थान जाहीर केलें. मग निजामशाहीचें चुकलें तें कोठें? कोणी एखादें गीत गाऊं नये असें वाटणें हा तिचा अपराध नव्हे. जो स्वखुषीनें गातो त्याचें तोंड दाबून त्याला शिक्षणास मुकविणें, हा तो अपराध होय. आणि हाच न्याय उलट बाजूसही लागू पडतो: जो श्रद्धेमुळें गात नाहीं त्याच्याकडून बळानें गाववून घेणें, ही त्याच अपराधाची दुसरी आवृत्ति ठरेल.

श्रद्धेवरून निष्ठा ओळखतां येते, हा समज किती फसवा आहे हें त्या काळांतील दोन चरित्रें दाखवितात. स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमींचे व्यंकटेश खेडगीकर. १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला. हिप्परग्यास आणि पुढें मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, त्यांनीं राष्ट्रीय शिक्षणाचें कार्य केलें. ज्यानें घर, नांव आणि संसार या सर्वांचा त्याग केला, त्यानें देशाचा त्याग केला नाहीं. त्यांच्या संन्यासानेंच त्यांना लोकांच्या मुक्तीकडे नेलें, आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, सार्‍या भारतांत स्वातंत्र्याचा उत्सव चालू असतां, ते तुरुंगांत गेले. दुसरे शोएबुल्ला खान. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे ते तरुण संपादक. हैदराबादनें भारतीय संघराज्यांत सामील व्हावें, असें ते निर्भयपणें लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्यें, रात्रीं कचेरींतून घरीं परततांना, त्यांची हत्या झाली. कासीम रझवीचे रझाकार गांवें लुटीत व जाळीत होते त्याच दिवसांत एका श्रद्धाळू मुसलमानानें लोकशाहीसाठीं प्राण दिले. एक भगवी छाटी नेसणारा आणि एक नमाज पढणारा. उपासना भिन्न, निष्ठा एक.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. पण या मुक्तीला एक काळी कड आहे. रझाकारांच्या अत्याचारांनीं चिडलेल्या जमावांनीं, आणि कांहीं ठिकाणीं गणवेषांतील माणसांनींही, ज्यांचा रझाकारांशीं काडीचाही संबंध नव्हता अशा मुसलमानांवर सूड उगविला. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या मंडळानें गांवोगांव फिरून अहवाल दिला. सार्‍या संस्थानांत कमींतकमी २७ ते ४० हजार माणसें प्राणास मुकलीं, असा त्या मंडळाचा अंदाज होता. ज्या जिल्ह्यांत मोठी हानि झाली त्यांत बीडचेंही नांव आहे. तो अहवाल अनेक दशकें लोकांपुढें आला नाहीं. शोएबुल्ला खानांच्या बलिदानाला एक महिनाही लोटला नव्हता, तोंच त्यांच्या धर्मबांधवांची निष्ठा केवळ त्यांच्या नांवावरून ठरविण्यांत आली. ‘अनल मलिक’ म्हणणार्‍यांनीं जी चूक केली होती, तीच चूक त्यांच्या शत्रूंनीं उलट्या हातानें केली. उपासनेवरून निष्ठेचें माप घेणें, हीच ती चूक.

स्वतंत्र भारताच्या घटनेनें हा धडा आपल्या शब्दांत उतरविला आहे. पंचविसाव्या अनुच्छेदानें सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य दिलें. १९७६ सालीं नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें सांगतांना राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर करण्यास सांगितलें; पूजा करण्यास नव्हे. या दोन शब्दांतील अंतर केवढें मोठें आहे हें १९८६ सालीं स्पष्ट झालें. केरळांतील ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांना शाळेंतून काढण्यांत आलें होतें. राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहात, पण श्रद्धेमुळें गात नसत. सर्वोच्च न्यायालयानें त्या मुलांना शाळेंत परत घेण्याचा आदेश दिला. जें मूल आदरानें उभें आहे त्यानें राष्ट्राचा अवमान केलेला नाहीं, असा त्याचा मथितार्थ. १९३८ मध्यें गाण्याबद्दल मुलें शाळेबाहेर गेलीं होतीं. १९८५ मध्यें न गाण्याबद्दल. दोन्ही वेळां मुलांजवळ होती ती श्रद्धाच, आणि दोन्ही वेळां भ्यालेला होता तो अधिकार.

तात्पर्य, प्रत्येक जण कशाला ना कशाला भजतो हें म्हणणें खरें धरलें, तरी त्यावरून सर्वांनीं एकाच गोष्टीला भजावें असा निष्कर्ष निघत नाहीं. निघतो तो याच्या उलट. ज्या अर्थीं प्रत्येकाच्या अंतःकरणांत एक गाभारा आहे, त्या अर्थीं दुसर्‍याच्या गाभार्‍यांत शिरतांना राज्यानें जोडे बाहेर काढले पाहिजेत. राज्यानें सारा मागावा, कायद्याचें पालन मागावें, संकटकाळीं संरक्षणासाठीं हातही मागावे. प्रेम मात्र त्याला मिळवावें लागतें. निजामाजवळ सैन्य होतें, खजिना होता आणि दोनशें वर्षांचें तख्त होतें. त्याला न मिळालें तें एवढेंच. दरवर्षीं १७ सप्टेंबरला मराठवाड्यांत मुक्तिदिनाचा ध्वज चढतो, तेव्हां त्याखालीं उभ्या असलेल्या माणसांनीं त्या एका उणिवेचें स्मरण ठेवावें. कारण जें एका राज्यास चुकलें नाहीं, तें दुसर्‍यासही चुकणार नाहीं.